फुलरीनची सत्तावीस वर्षं

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे १९९२ साली एका नारिंगी पॉलिमरची चकाकी विझली. एमईएच-पीपीव्ही नावाचा हा पदार्थ. त्याच्यावर प्रकाश टाकला की तो स्वतः तांबूस-नारिंगी उजळायचा, आणि त्या गुणामुळेच प्रकाश देणारे डायोड बनवणाऱ्यांचं त्याच्यावर लक्ष होतं. त्यात थोडं फुलरीन, म्हणजे कार्बनच्या साठ अणूंनी बनलेला पोकळ गोल रेणू, मिसळलं आणि उजळणं जवळजवळ बंदच झालं. डायोड बनवणाऱ्याला हे नुकसान वाटलं असतं. पण नियाझी सेर्दार सारिचिफ्तची, लॉरा स्मिलोविट्झ, अ‍ॅलन हीगर आणि फ्रेड वुडल यांना त्या विझण्यात वेगळीच गोष्ट दिसली. प्रकाशाने उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये खाली येऊन प्रकाश परत देतच नव्हता. त्याआधीच तो शेजारच्या फुलरीनवर उडी मारत होता.

ही उडी सेकंदाच्या एक लक्ष-कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात होते असं त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये छापून आलं. पुढे अधिक बारीक मोजमाप झालं तेव्हा हा काळ आणखी कितीतरी लहान निघाला. उत्तेजित इलेक्ट्रॉनला खाली आणणारी दुसरी कुठलीच घडामोड इतकी चपळ नसते, म्हणून प्रकाशाने उत्तेजित झालेला जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडे जातोच. परतीचा प्रवास मात्र रेंगाळत होतो. जाणं झटक्यात आणि येणं सावकाश, या दोहोंमधल्या फटीतच वीज बाहेर काढण्याची संधी असते. प्लास्टिकचे सौर सेल बनवण्याच्या कामाला खरा पाया मिळाला तो इथे. पुढची सत्तावीस वर्षं या क्षेत्रात फुलरीनने राज्य केलं. त्याने हे क्षेत्र जगवलं आणि, माझ्या मते, बराच काळ अडवूनही ठेवलं. या दोन्ही गोष्टी एकाच गुणामुळे झाल्या, म्हणून हा इतिहास मला नुसत्या वाढत्या टक्केवारीपेक्षा मोलाचा वाटतो.

मुळात अडचण काय होती ते आधी पाहू. सिलिकॉनने प्रकाश शोषला की त्यातला इलेक्ट्रॉन सुटतो आणि मोकळा हिंडतो. बेल लॅबमध्ये १९५४ साली चॅपिन, फुलर आणि पीअरसन यांनी बनवलेला सेल सहा टक्के कार्यक्षमतेच्या आसपास पोहोचला, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या ऊर्जेचा तेवढा वाटा त्याने विजेत बदलला, तो याच्याच बळावर. कार्बनच्या लांब साखळ्यांमध्ये इलेक्ट्रॉन असा सहज सुटत नाही. तो आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. ती फोडायला खोलीतल्या साध्या उष्णतेच्या दहापट किंवा त्याहून जास्त ऊर्जा लागते. शिवाय एक्सिटॉनला आयुष्य थोडं. साधारण दहा नॅनोमीटर सरकेपर्यंत तो फुटला नाही, तर त्याची ऊर्जा उष्णता किंवा प्रकाश होऊन वाया जाते. आणि समोर पडणारा प्रकाश नीट शोषून घ्यायला थर शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाड हवा. थर पातळ केला तर ऊन आरपार जातं, जाड केला तर एक्सिटॉन वाटेतच संपतो. या कोंडीने दोन पिढ्यांच्या संशोधकांना रखडवलं.

कोंडी निम्मी सोडवली ती रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग तांग यांनी. फोटोच्या धंद्यातल्या त्या कंपनीत रंगद्रव्यांची जाण भरपूर होती. तांग यांनी शाई आणि रंगांत वापरलं जाणारं निळं कॉपर थॅलोसायनिन आणि पेरिलीन जातीचं एक रंगद्रव्य यांचे दोन पातळ थर एकमेकांवर बसवले. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा. दोघांच्या सीमेवर एक्सिटॉन फुटतो. १९८६ साली त्यांनी जवळपास एक टक्का कार्यक्षमता प्रसिद्ध केली. पण सपाट थरांत सीमा एकच असते, तिच्यापासून लांब जन्मलेले एक्सिटॉन तिथवर पोहोचत नाहीत. ओसाकात मासाहिरो हिरामोतो यांनी १९९१ मध्ये दोन थरांच्या मधे दोन्ही रंगद्रव्यांचा मिसळलेला तिसरा थर ठेवून पाहिला. दिशा बरोबर होती, पण हे सगळं निर्वात कक्षात वाफेने थर चढवून करावं लागे.

पॉलिमरचं आकर्षण वेगळं होतं. तो द्रावकात विरघळतो, त्याची शाई होते, आणि शाई असेल तर छपाईही करता येते. वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरची हकीकत अनेक वाचकांना ठाऊक असेल. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा तयार झाला. तो पाहून अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनियात बोलावलं. तिथे हीगर यांच्यासह आयोडीनची वाफ देऊन १९७७ मध्ये त्या पापुद्र्याची वाहकता कोट्यवधीपट वाढल्याचं दाखवलं गेलं. तिघांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातले हीगर १९८२ मध्ये सांता बार्बराला गेले. बोलिव्हियात जन्मलेले वुडलही तिथे आले. व्हिएन्नात शिकलेले तुर्कस्तानचे सारिचिफ्तची नंतर येऊन मिळाले. फुलरीनचा शोध १९८५ मध्ये ह्यूस्टनला लागला होता, पण तो मूठभर मिळण्याची सोय झाली १९९० मध्ये, क्रेचमर आणि हफमन यांनी ग्रॅफाइटच्या विद्युतज्योतीतून ते बनवण्याची रीत दाखवली तेव्हा. त्याआधी ते पॉलिमरमध्ये मिसळून पाहण्याइतकं कुणाच्या हाती नव्हतंच.

साधं फुलरीन द्रावकात फारसं विरघळत नाही. नेदरलँड्सचे यान हुमेलेन यांनी वुडल यांच्याबरोबर त्याला एक सेंद्रिय शेपूट जोडलं. त्या रेणूला पीसीबीएम म्हणतात. १९९५ मध्ये गँग यू, हुमेलेन, हीगर आणि सहकाऱ्यांनी पॉलिमर व पीसीबीएम एकाच द्रावकात विरघळवून, काच गरगर फिरवून तिच्यावर त्या मिश्रणाचा थर पसरवला. द्रावक उडून जाताना दोन्ही पदार्थ आपोआप वेगळे होऊ लागतात, पण पूर्ण वेगळे होण्याआधीच थर वाळतो. सुपारी आडवी कापली की तांबूस आणि पांढऱ्या रेषा एकमेकींत शिरलेल्या दिसतात, तशी गुंतवण या थराच्या पोटात तयार होते. आता सीमा सगळ्या थरभर पसरली आणि कुठेही जन्मलेल्या एक्सिटॉनला ती दहा नॅनोमीटरच्या आत सापडू लागली. मंद निळ्या प्रकाशात २.९ टक्के कार्यक्षमता मिळाली. पूर्ण उन्हात आकडा कमी होता, पण वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने हीच कल्पना वेगळ्या साहित्याने केली होती. त्यांच्या सेलमध्ये इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमरच आणि घेणाराही पॉलिमरच होता, फुलरीन नव्हतंच. एकाच वर्षी दोन वाटा निघाल्या. बहुतेक प्रयोगशाळांनी सांता बार्बराची धरली, कारण फुलरीनने इलेक्ट्रॉन घेणं इतकं भरवशाचं होतं की त्याच्या जागी दुसरं काही शोधायची निकड कुणाला वाटली नाही. पीसीबीएम बाजारात मिळू लागलं. संशोधकाने नवा पॉलिमर बनवायचा, त्यात पीसीबीएम घालायचं आणि मोजायचं. पुढच्या दोन दशकांतले असंख्य शोधनिबंध या एकाच आराखड्यावर उभे आहेत.

त्यानंतरची मोठी झेप नव्या रेणूमुळे आली नाही, द्रावक बदलल्यामुळे आली. सारिचिफ्तची १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंत्स इथे गेले आणि तिथे त्यांनी सेंद्रिय सौर सेलची संस्था उभी केली. २००१ मध्ये शॉन शाहीन, ख्रिस्टोफ ब्राबेक आणि सहकाऱ्यांनी पॉलिमर तोच, पीसीबीएम तेच ठेवून टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन वापरलं. ०.९ टक्क्यावरून कार्यक्षमता २.५ टक्क्यांवर गेली. टोल्युइनमधून वाळलेल्या थरात पीसीबीएमची मोठमोठी बेटं झालेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती. क्लोरोबेंझीनच्या थरात ती कितीतरी बारीक होती. या सेलमध्ये वजनाने चार भाग पीसीबीएम आणि एक भाग पॉलिमर होता, म्हणजे नाव पॉलिमरचं आणि माल बराचसा फुलरीनचा.

दोन वर्षांनी लिंत्समधूनच दुसरी बातमी आली. पी३एचटी नावाचा थायोफीनचा पॉलिमर तेव्हा वापरात येऊ लागला होता. त्याच्या साखळीतल्या सगळ्या बाजूच्या शाखा एकाच रीतीने लागलेल्या असतात, त्यामुळे साखळ्या शिस्तीत एकमेकींवर बसतात. पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रिचर्ड मॅककला यांनी ही शिस्तीची रचना १९९२ मध्येच साधली होती. लिंत्समध्ये पाडिंगर आणि सहकाऱ्यांनी तयार सेल ७५ अंशांवर काही मिनिटं तापवला, तापवताना त्यावर विद्युतदाबही दिला, आणि ०.४ टक्क्यांचा सेल ३.५ टक्क्यांचा झाला. त्यातला रेणू तोच होता, फक्त त्याला नीट बसायला वेळ आणि ऊब मिळाली होती. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला यांग यांग यांच्या गटाने उलट मार्ग घेतला. त्यांनी थर झाकून अगदी हळू वाळू दिला आणि ४.४ टक्के मिळवले. सांता बार्बराला १५० अंशांवर तापवून पाच टक्के आले. २००७ मध्ये तिथेच जेफ पीट, गिलेर्मो बाझान आणि हीगर यांनी द्रावणात थोडंसं अल्केन डायथायॉल टाकलं आणि दुसऱ्या एका पॉलिमरचा सेल २.८ वरून ५.५ टक्क्यांवर नेला. हे जोडद्रव्य उशिरा उडतं आणि फुलरीनला जास्त वेळ विरघळलेलं ठेवतं, एवढंच त्याचं काम.

या काळाबद्दल लिहिताना मला वाटतं की या कामाला मिळायला हवं होतं तेवढं श्रेय मिळालं नाही. कोणतं द्रावक, किती अंश, किती मिनिटं, थेंबभर काय घातलं: प्रयोगवहीतल्या अशा नोंदींमधून हे क्षेत्र एका टक्क्यावरून पाच टक्क्यांवर चढलं. २००९ मध्ये आइंडहोव्हनच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थराची त्रिमितीय चित्रं काढली तेव्हा पोटातली ती गुंतवण डोळ्यांनी दिसली. त्याआधी सगळे जण अंदाजानेच तिला घडवत होते.

प्रयोगशाळेतला हा उत्साह बाजारातही पोहोचला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेत सुकांत त्रिपाठी हे भारतात जन्मलेले पॉलिमरचे अभ्यासक होते. २००० सालच्या डिसेंबरमध्ये हवाईत एका परिषदेसाठी गेले असता समुद्रात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कामातून २००१ मध्ये लोवेलमध्ये कंपनी उभी राहिली. हीगर तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि ओडिशातल्या सूर्यमंदिरावरून तिचं नाव पडलं कोनार्का. २००८ मध्ये तिने न्यू बेडफर्डमधला पोलरॉइडचा जुना कारखाना घेतला. फोटोच्या फिल्मवर थर चढवणारी यंत्रं आता सौर सेलच्या शाईसाठी वापरायची, ही कल्पना मला आजही देखणी वाटते. प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेले तिचे सेल पिशव्यांवर आणि छत्र्यांवर लागले. कंपनीत १७ कोटी डॉलरहून जास्त गुंतवणूक आली.

तरीही १ जून २०१२ रोजी कोनार्काने दिवाळखोरी जाहीर केली. २००८ च्या सुमारास सिलिकॉनचं पॅनल एका वॉटमागे तीन-चार डॉलरला होतं, ते २०१२ पर्यंत एका डॉलरच्याही खाली आलं. स्वस्ताईच्या आशेवर उभ्या राहिलेल्या मालाला त्याच्याहून स्वस्त आणि कित्येकपट टिकाऊ माल आडवा आला. शिवाय प्रयोगशाळेतला आकडा आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पट्टीचा आकडा यांत मोठं अंतर होतं. प्रयोगशाळेतला सेल बहुतेक वेळा नखाहूनही लहान असतो. कडेचा प्रकाश नीट झाकला नाही तर तेवढ्याशा क्षेत्रावर कार्यक्षमता सहज फुगते. म्हणूनच स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणपत्र घेण्याचा आग्रह या काळात वाढला.

याच सुमारास फुलरीनची मर्यादा कागदावर मांडली गेली होती. कोनार्काच्या लिंत्समधल्या गटात काम करणारे मार्कुस शार्बर आणि सहकारी यांनी २००६ मध्ये गणित केलं. पीसीबीएम कायम धरायचं, आणि पॉलिमर हवा तसा मिळाला असं मानायचं, तर कुठवर जाता येईल? उत्तर आलं दहा टक्के किंवा थोडं पुढे. लोकांनी हा निष्कर्ष ध्येय म्हणून वाचला. लुपिंग यू यांच्या शिकागोतल्या गटाचा पीटीबी७ हा पॉलिमर २०१० मध्ये ७.४ टक्क्यांवर पोहोचला. हाँगकाँगमध्ये हे यान यांच्या गटाने २०१४ मध्ये गरम द्रावणातून थर देऊन १०.८ टक्के मिळवले. गणित खरं ठरलं होतं, पण त्याच गणितात धोक्याची सूचनाही होती आणि तिच्याकडे फार कमी जणांनी पाहिलं. पीसीबीएम दृश्य प्रकाश फारच कमी शोषतं, म्हणजे थरातला मोठा भाग ऊन गोळा करण्याच्या कामाचाच नव्हता. त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या रसायनज्ञाला फारशा हलवता येत नाहीत. इलेक्ट्रॉनला पॉलिमरवरून फुलरीनवर उतरताना साधारण ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडावी लागते, असं सगळे धरून चालत होते, आणि तेवढा विद्युतदाब दरवेळी फुकट जात होता. शिवाय सेल तापला की पीसीबीएम हळूहळू गोळा होऊन गठ्ठे करतं आणि कष्टाने साधलेली गुंतवण बिघडते.

अमेरिका आणि युरोपमधल्या अनेक प्रयोगशाळा तेव्हा पेरोव्स्काइट या वेगळ्याच जातीच्या स्फटिकी सौर पदार्थाकडे वळत होत्या. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांनी २००९ मध्ये त्याचा पहिला सेल ३.८ टक्क्यांवर दाखवला होता आणि २०१२ मध्ये तो दहाच्या आसपास गेला. सेंद्रिय सेलला तिथवर यायला वीस वर्षं लागली होती. मागे राहिलेलं काम मुख्यतः चीनमधल्या गटांनी हाती धरलं. २०१५ मध्ये पेकिंग विद्यापीठाचे झान श्याओवेई यांनी आयटीआयसी हा रेणू प्रसिद्ध केला. मधोमध अनेक कड्या जोडून झालेला सपाट, इलेक्ट्रॉन देणारा कणा, दोन टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट, आणि रेणू एकमेकांना फार चिकटू नयेत म्हणून कण्याच्या वर-खाली बाहेर आलेल्या शाखा. पहिला आकडा ६.८ टक्के होता, फुलरीनपेक्षा कमीच. पण या रेणूचा प्रत्येक भाग बदलता येत होता आणि तो स्वतः ऊन खात होता. वर्षभरात बीजिंगच्या होउ जियानहुई यांच्या गटाने योग्य पॉलिमर जोडून ११.२ टक्के गाठले, २०१७ मध्ये तेरा. रसायनज्ञांच्या हातात प्रथमच जोडीतले दोन्ही पदार्थ आले होते.

मग २०१९ च्या सुरुवातीला चांगशा इथल्या सेंट्रल साउथ विद्यापीठातल्या झोउ यिंगपिंग यांनी ली योंगफांग आणि इतर सहकाऱ्यांसह वाय६ छापला. कण्याच्या मधोमध इलेक्ट्रॉन ओढणारा आणखी एक गट बसवलेला, रेणूला किंचित बाक, आणि शोषण थेट अवरक्त भागात ९०० नॅनोमीटरच्या पलीकडे. पीएम६ या पॉलिमरबरोबर त्याने १५.७ टक्के दिले. एका निबंधात एवढी मजल क्वचितच मारली जाते. ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा तो कर इथे जवळजवळ भरावाच लागत नव्हता, तरी एक्सिटॉन फुटत होते. ते नेमके कसे फुटतात यावर भौतिकशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, पण ज्या नियमावर दोन दशकं रचना केल्या गेल्या तो निसर्गाचा नियम नव्हता, फुलरीनचा स्वभाव होता, एवढं स्पष्ट झालं. २०२० मध्ये डिंग लिमिंग यांच्या गटाने अठरा टक्के ओलांडले. २०२४ पासून एकाच थराच्या सेलसाठी वीस टक्क्यांचे आकडे येऊ लागले.

१९९५ ची केंब्रिजची वाटही आता पुन्हा चालती झाली. ली योंगफांग यांच्या गटाने २०१७ मध्ये या नव्या जातीचे रेणूच माळेत ओवून इलेक्ट्रॉन घेणारा पॉलिमर बनवला, आणि दोन्ही बाजूंनी पॉलिमर असलेले सेल काही वर्षांत सतरा-अठरा टक्क्यांवर गेले. लांब साखळ्या सहजासहजी जागा सोडत नाहीत, त्यामुळे गुंतवण जास्त टिकते आणि पट्टी वाकवली तरी तडकत नाही. हे गुण केंब्रिजच्या सेलमध्ये बीजरूपाने होतेच. मधली वीस वर्षं तिथे जेवढे हात लागायला हवे होते तेवढे लागले नाहीत, ही हळहळ मला या इतिहासात सर्वांत जास्त जाणवते. फुलरीन वाईट असतं तर लोकांनी लवकर पर्याय शोधला असता. ते इतकं चांगलं होतं की त्याच्यापलीकडे बघायला उशीर झाला.

आजची अडचण आयुष्याची आहे. वाय६ सारख्या रेणूंमध्ये टोकाचा गट कण्याला कार्बनच्या दुहेरी बंधाने जोडलेला असतो. उन्हातले अतिनील किरण आणि इलेक्ट्रोडजवळ वापरला जाणारा झिंक ऑक्साइडचा थर मिळून नेमका तोच बंध तोडतात. म्हणून कुणी झिंक ऑक्साइड बदलून पाहतंय, कुणी त्याच्यावर एका रेणूच्या जाडीचा संरक्षक थर चढवतंय, कुणी तो बंध कडीत बंदिस्त करून रेणूच नव्याने बांधतंय. दुसरीकडे क्लोरोबेंझीनसारखी घातक द्रावकं सोडून कारखान्यात चालतील अशी द्रावकं शोधली जात आहेत, आणि द्रावक बदललं की थर वाळण्याची चाल बदलते, ती बदलली की गुंतवण बदलते. लिंत्समध्ये २००१ साली केलेलं काम त्यामुळे प्रत्येक नव्या रेणूसाठी पुन्हा पहिल्यापासून करावं लागत आहे.